मदत हवी आहे: शुभार्थींना (मानसिक आजार असलेल्यांना) सभेत, मंडळात बोलायला कसं तयार करायचं? (नाशिक)

नमस्कार मंडळी,

मी नाशिकचा, सिडकोत राहतो. बायपोलर (मन कधी फार उसळतं, कधी फार खचतं, तो आजार) आहे, अकरा वर्षं त्यावरची लिथियमची गोळी चालू आहे. दर रविवारी दुपारी आम्ही बारा-पंधरा जण जमतो. निम्मे शुभार्थी, म्हणजे आजार असलेले, आणि निम्मे शुभंकर, म्हणजे त्यांना सांभाळणारी घरची माणसं. (सकाळी ठेवून पाहिलं, पण रात्रीच्या गोळ्यांची गुंगी दहाशिवाय उतरत नाही.)

गेल्या हिवाळ्यात एका कॉलेजात बोलावणं आलं. डॉक्टर पाऊण तास बोलले, मग मला म्हणाले, "पाचच मिनिटं, बरे कसे झालात तेवढं सांगा." लिथियमने माझी बोटं थरथरतात. हातातला कागद माईकपुढे असा काही फडफडला की मागच्या बाकांवर खसखस पिकली. तेही एक वेळ चालेल, पण खाली उतरलो तर एक बाई पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, "किती गोड बोललात हो!" वय वर्षं त्रेचाळीस माझं. आणि जे सांगायला गेलो होतो ते राहूनच गेलं.

सांगायचं होतं ते २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याबद्दल. तो २९ मे २०१८ पासून लागू आहे. मनाविरुद्ध दाखल केलं, हक्क डावलला, तर दाद मागायची ती मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे. त्यात न्यायाधीश, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, एक मनोविकारतज्ज्ञ, एक डॉक्टर आणि आणखी दोन सदस्य. हे दोघं शुभार्थी किंवा शुभंकर असू शकतात, किंवा त्यांच्या संघटनांचे, या क्षेत्रातल्या संस्थांचे प्रतिनिधी. सगळी गोम त्या 'किंवा'त आहे. आमच्यातलं कोणी तयार नसेल, तर खुर्ची संस्थेतल्या चांगल्या इंग्रजी बोलणाऱ्या माणसाकडे जाणार हे उघड आहे.

म्हणून गटातल्या चार-पाच जणांना तयार करायचंय. रडकथा सांगायला नाही, ती सगळ्यांना येते. कायदा वाचणं, अर्ज लिहिणं, न्यायाधीशांसमोर "मला हे पटत नाही" म्हणणं, इतिवृत्तात आपलं म्हणणं नोंदवून घेणं, हे यायला हवं. असं प्रशिक्षण मराठीत कोणी घेतलंय किंवा दिलंय का? पुण्याची स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, ठाण्याची आयपीएच (मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था) यांच्या गटांत कोणी बसलं असेल तर आतला अनुभव सांगा. माहितीपत्रकं नकोत, ढीग पडलाय.

दोन गोष्टींवर आमचं घोडं अडलंय. एक, ओळखीचे डॉक्टर म्हणतात, "स्थिर असतील तेच निवडा." पण आमच्यात सगळ्यात मुद्देसूद बोलणारा माणूस ऐन गणपतीत दाखल होता. त्याला वगळायचं? मला वाटतं प्रत्येक कामाला जोडी लावावी, एक आजारी पडला तर दुसरा उभा राहील. हे कुठे करून पाहिलंय का?

दुसरं जास्त नाजूक आहे. गटातल्या एका मुलीला बोलायचंय, पण घरात तिच्या लग्नाची बोलणी चालू आहेत. आई म्हणते, "बोल, पण नाशकात नको." आईचं चूक तरी कसं म्हणू? नाव जाहीर करायचं की नाही, हे तुम्ही कोणत्या टप्प्यावर आणि कसं ठरवलंत?

इथे लिहायला अवघड वाटत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. तुमचं नाव गटात सांगणार नाही.

ता. क. कागद हल्ली पुठ्ठ्याला चिमटा लावून नेतो. याहून बरी युक्ती असेल तर तीही सांगा.