फ्रेटलेस बेसच्या फिंगरबोर्डवर चर पडलेत, इपॉक्सी लावू की फेविक्विक?

खर्जातला_पुणेकर
मंडळी, सल्ला हवाय. माझा ४ तारांचा फ्रेटलेस जॅझ बेस आहे, म्हणजे मानेवर फ्रेट (धातूच्या आडव्या पट्ट्या) नसलेली बेस गिटार, फिंगरबोर्ड (बोटं दाबतो ती पट्टी) रोजवूडचा आणि वर कसलंच कोटिंग नाही. दोन वर्षं राउंडवाउंड (वर गोल तार गुंडाळलेल्या, खरखरीत) तारा वाजवल्या, काल तारा काढून तिरका टॉर्च मारला तर डी आणि जी या तारांच्या खाली कानशीने घासल्यासारखे बारीक वळ, नख फिरवलं की कळतात. मींड घेताना नेमकं तिथे बोट आलं की सूर खरखरतो आणि जीव तुटतो अगदी. बेसवादक जॅको पास्टोरियसने १९६२च्या फेंडर जॅझ बेसचे फ्रेट काढून बोर्डावर बोटींना लावतात तो मरीन इपॉक्सी (दोन भाग मिसळून कडक होणारा थर) लावला होता हे माहितीये, मलाही तसंच कडक काहीतरी लावायचंय. इपॉक्सी बरा की फेविक्विकसारखा सुपरग्लू? घरीच करायचा विचार आहे, पुढच्या आठवड्यात सुट्टी आहे.

मिरजेचा_सूर
आधी एक सांग, आवाज कसा हवाय? फ्रेटलेसचा तो "म्वाऽऽ" म्हणजे आपल्या तंबोऱ्याची जवारीच समज. घोडीच्या किंचित गोलसर माथ्यावर तार निसटती टेकते म्हणून तंबोरा बोलतो, इथे तेच काम फिंगरबोर्ड करतो. आमच्याकडे मिरजेत जवारी काढणारे माणसं घोडी इतकीशी घासतात, दोरा सरकवून बघतात, परत घासतात, कारण केसभर उंचवटा राहिला तरी आवाज बसतो. म्हणून कोटिंग कुठलंही लाव, खालचा बोर्ड एकसारखा नसेल तर तीच खरखर चकचकीत होऊन परत येईल. पृष्ठभाग कडक झाला की सूर लांबतो आणि वरचे स्वर जास्त ऐकू येतात हे खरंय, सरोदाची पट्टी स्टीलची असते ती काय उगाच नाही. पण तुला नुसते चरच थांबवायचे असतील तर बोर्ड सपाट करून घे आणि फ्लॅटवाउंड (वर चपटी पट्टी गुंडाळलेल्या, गुळगुळीत) तारा चढव, फक्त आवाज गोल आणि मऊ होईल, तो चालतो का ते आधी बघ.

रंधा_आणि_तारा
मी दोन बेसना सुपरग्लू केलाय म्हणून सविस्तर लिहितो. आधी ट्रस रॉडने (मानेच्या आतली सळई) मान शक्य तितकी सरळ कर, मग बोर्डाच्या गोलाईचा ब्लॉक घेऊन चर जाईपर्यंत घास. गोलाई मोजल्याशिवाय ब्लॉक घेऊ नको, जुन्या फेंडरची सव्वासात इंच असते, नव्या बऱ्याच बेसची साडेनऊ, पुठ्ठा कापून बोर्डावर धरून बघ म्हणजे लगेच कळतं. रोजवूड तेलकट लाकूड आहे, लावायच्या अगदी आधी ॲसिटोनने पूस, पांढरी चिंधी तपकिरी यायची थांबेपर्यंत. मानेच्या कडांना आणि नटला (मानेच्या टोकाची तारांच्या खाचांची पट्टी) मास्किंग टेप. मग पातळ ग्लू थेंब थेंब टाकत बोटावर पॉलिथिनची पिशवी चढवून पटकन पसरवायचा, एका जागी दोनदा हात फिरवला की ओढल्यासारखे दोरे येतात. मला १५-१६ हात लागले, मधेमधे ३२०च्या पेपरने उंचवटे मारले. शेवटी वॉटर पेपर ६००, ८००, १२००, २००० आणि मग कारचं पॉलिश. अर्धवट घासलेल्या बोर्डावर चमकणारे ठिपके दिसतात ना, तेच खड्डे, ते सगळे जाईपर्यंत पुढच्या नंबरच्या पेपरला हात लावू नको.

आणि हे नीट वाच: सुती कापडावर किंवा कापसावर सुपरग्लू सांडला तर तो तापतो, धूर येतो, हात भाजतो. नायट्राइल हातमोजे, गॉगल आणि वाफेसाठी काडतुसवाला मास्क हवाच, धुळीचा साधा मास्क वाफ अडवत नाही.

कोकणातला_बेसवाला
पुढच्या आठवड्यात म्हणजे ऐन जुलैत? नको रे बाबा. सुपरग्लू हवेतल्या ओलाव्यानेच सुकतो, पावसात तो पसरवायच्या आत धरतो आणि वर पांढरट साय येते. इपॉक्सीचंही तसंच, मी भर पावसात केला होता, दुसऱ्या दिवशी वर मेणासारखा चिकट थर, त्यावर तसाच पुढचा हात मारला आणि महिनाभराने पापुद्रा निघाला, सगळं खरवडून परत पहिल्यापासून. तो थर साध्या पाण्याने आणि भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबरने धुवून काढायचा असतो हे मला नंतर कळलं.

तरी मी इपॉक्सीच म्हणेन. सावकाश धरणारा, पातळ वाहणारा घे, पाच मिनिटांत घट्ट होणारा नको. रेझिन-हार्डनरचं प्रमाण डब्यावर वजनाने दिलंय की मापाने ते बघ आणि वजनाचं असेल तर काट्यावरच मोज, डोळ्याने ओतलेला कधीच नीट कडक होत नाही. बुडबुडे आले तर हेअर ड्रायर लांबून फिरव. घासायच्या आधी आठवडाभर राहू दे, कच्च्या इपॉक्सीची धूळ अंगावर उठते.

खर्जातला_पुणेकर
खूप आभार सगळ्यांचे, वाचून जरा थांबलोच. आत्ता बोर्ड सपाट करून फ्लॅटवाउंड चढवतो आणि दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की इपॉक्सी. एकच शंका, थर चढल्यावर नटचं काय?

रंधा_आणि_तारा
बरं झालं विचारलंस. थर जेवढा, तेवढ्या तारा बोर्डाच्या जवळ येतात, अर्धा मिलिमीटर चढला तर नटपाशी तार टेकेलच. नट काढून खाली पातळ पट्टी घाल नाहीतर नवीन कोरून घे. उलट आत्ता चर घासताना बोर्ड खाली जाईल आणि नट उंच वाटेल, पण तेव्हा खाचा खोल करू नको, दिवाळीनंतर ती उंची लागणारच आहे.

मिरजेचा_सूर
आणि सपाट केल्यावर पहिली मींड रेकॉर्ड करून इथे टाक, कोटिंगनंतरची पण. दोन्ही शेजारी ठेवून ऐकायचंय.