मदत हवी आहे: हिरव्यागार अर्काची एमआयसी (जिवाणूंची वाढ रोखणारं कमीत कमी प्रमाण) कशी काढायची?

नमस्कार मंडळी. एमएस्सी मायक्रोच्या प्रोजेक्टसाठी दगडी पाला घेतलाय, म्हणजे एकदांडी. खरचटलं की चोळून लावतात तोच. मूळचा अमेरिकेतला, आता आपल्या बांधाबांधावर. पानं सावलीत वाळवून मिथेनॉलमध्ये अर्क काढला, आटवून डीएमएसओ या द्रावकात विरघळवला. म्युलर-हिंटन अगारवर (जिवाणू वाढवायचं घट्ट माध्यम) स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूला स्वच्छ झोन येतो, म्हणजे अर्काभोवती वाढ न झालेलं वर्तुळ; ग्रॅम निगेटिव्ह गटातल्या ई. कोलायला काहीच नाही. ते एकवेळ समजतं, ग्रॅम निगेटिव्हचं बाहेरचं आवरण पुष्कळ संयुगांना आत शिरू देत नाही.

घोडं अडलंय एमआयसीवर. अर्क क्लोरोफिलमुळे गर्द हिरवा, ब्रॉथमध्ये (द्रव माध्यमात) पडला की गढूळ होतो. ९६ वेलच्या प्लेटमध्ये जिवाणूंची वाढ कुठली नि साका कुठला, काही कळत नाही. रेझाझुरिन हा रंग वापरू का? जिवंत जिवाणू निळ्याचं गुलाबी करतात हे ठीक, पण अर्कातली फिनॉलिक्सच (वनस्पतीतली फिनॉल गटाची संयुगं) रंग पालटवणार नाहीत ना? (जिवाणूंशिवायचा कंट्रोल ठेवणारच आहे.) की आधी पेट्रोलियम ईथरने हिरवेपणा काढू? त्यात कामाचं संयुगच निघून गेलं तर! गाइड म्हणतात, झोन मोज आणि लिहून टाक. पण झोन तर अर्क अगारमध्ये किती पसरतो यावरही ठरतो.

डीएमएसओ शेवटी किती टक्के ठेवता, तेही सांगा. सबमिशन तोंडावर आलंय.