काउंटर-स्ट्राइकची व्हीआरएस क्रमवारी म्हणजे श्रीमंत संघांची यादी? जरा कोड वाचा!

इको_राऊंड
काल इथेच कुणीतरी ठोकून दिलं, "व्हॅल्व्हची क्रमवारी म्हणजे ज्याच्या खिशात पैसा तो वर." अहो, काउंटर-स्ट्राइक बनवणाऱ्या या कंपनीच्या क्रमवारीचा अख्खा कोड गिटहब या संकेतस्थळावर उघडा पडलाय. घटक चार: स्वतः मिळवलेलं बक्षीस, आपण हरवलेल्या संघांची कमाई, त्या हरवलेल्या संघांनी किती वेगवेगळ्या संघांना धूळ चारली आहे, आणि लॅनवरचे, म्हणजे ऑनलाइन नव्हे तर एकाच जागी समोरासमोर खेळून मिळवलेले, विजय. प्रत्येकात फक्त सर्वोत्तम १० नोंदी. चारींची सरासरी काढून ४०० ते २००० मध्ये बसवतात. कमाईची तुलना कमाईत पाचव्या असलेल्या संघाशी, तीही लॉग लावून, मोठे फरक दाबून. म्हणजे त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकी कमाई असली तरी १ पैकी ०.५ मिळतात, शंभराव्या हिश्श्याला ०.३३. यात श्रीमंतांची चांदी कुठे दिसली?

रश_बी
ते वाक्य माझंच. चारपैकी दोन घटक उघडउघड पैशाचे. तिसऱ्यातही प्रत्येक विजयाला त्या स्पर्धेच्या बक्षीसरकमेचं वजन आहे, ते सोयीस्कर गाळलंत. राहिलं लॅन. तिथे बक्षीसरकमेचं वजनच नाही, म्हणून संघ विमानं पकडून चिल्लर लॅनला जातात आणि दुबळ्यांना झोडपून गुण गोळा करतात.

इको_राऊंड
आणि हरले की? या पायाभूत गुणांवर आमनेसामने लढतींचा ग्लिको, म्हणजे प्रतिस्पर्धी पाहून गुण देणारी-कापणारी पद्धत, चढतो; त्यातली आरडी, म्हणजे गुणांची अनिश्चितता, ७५ वर गोठवलेली. बरोबरीच्या संघाशी हार-जीत म्हणजे साधारण १५ गुण. ४०० ने खालच्या संघाकडून हरलात तर जवळपास दुप्पट जातात. फुकटची शेती नाही ती.

रश_बी
म्हणूनच वरचे संघ धोका असेल तिथे फिरकत नाहीत. मुद्दा माझाच सिद्ध केलात, आभारी आहे.

स्मोक_विक्रेता
फिरकत नाहीत म्हणे! बसून राहिलात तर गुण गळतात. पहिले ३० दिवस पूर्ण किंमत, मग सरळ रेषेत उतरत सहा महिन्यांनी शून्य. साडेतीन महिन्यांपूर्वीचा विजय निम्माच. बुद्धिबळात न खेळता एलो गुण सांभाळत बसता येतं, इथे नाही.
पण खरी गोम कुणी बोलतच नाही. गुण क्लबचे नाहीत, पाचातल्या तिघांचे आहेत. तिघं एकगठ्ठा दुसरीकडे गेले की क्रमवारी त्यांच्याबरोबर, स्पर्धांची निमंत्रणंही. उरलेले दोघं आणि क्लब पुन्हा तळापासून.

क्लबवाला_काका
हाच तर अन्याय! प्रशिक्षक, विश्लेषक, सराव केंद्र, पगार, सगळा खर्च क्लबचा आणि मालमत्ता खेळाडूंच्या खिशात. तिसरा कच्चा असला तरी त्याला काढायची सोय नाही, कारण आधीच दोन बदललेले असतात. क्रमवारी वाचवायला कमकुवत खेळाडू पोसायचा.

स्मोक_विक्रेता
काका, क्लबचा एवढा कळवळा? स्पर्धा भरवणाऱ्या ईएसएलच्या २०२० च्या लूव्र करारात खुर्च्या, म्हणजे स्पर्धेतल्या राखीव जागा, क्लबच्याच होत्या, ब्लास्ट या दुसऱ्या आयोजकाचे सदस्य संघही तसेच. संघ कितीही हरला तरी जागा शाबूत. ते बंद व्हावं म्हणून तर २०२३ मध्ये व्हॅल्व्हने जाहीर केलं की २०२५ पासून निमंत्रण क्रमवारीने, नाहीतर खुल्या पात्रता फेरीतून.

क्लबवाला_काका
खुर्ची होती म्हणून वर्षाचं अंदाजपत्रक करता यायचं. आता निमंत्रणासाठी यादी लागायच्या आदल्या आठवड्यात एक लढत गेली की प्रायोजकाला काय सांगायचं? तुम्ही कधी पगारपत्रक पाहिलंय का?

स्मोक_विक्रेता
पगारपत्रक वाचवायला क्रमवारी नसते.

इको_राऊंड
मूळ विषयावर येऊ का? द मंगोल्झ उलानबातरमधून उठले आणि २०२५ च्या ऑस्टिन मेजर या बड्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत व्हिटॅलिटी संघाशी भिडले. कुठल्या श्रीमंतांच्या यादीतले ते?

रश_बी
मंगोल्झ अपवाद. एक उदाहरण दाखवून सूत्र निर्दोष ठरत नाही. १३-० फेऱ्यांनी जिंका की १३-११ ने, गुण तेवढेच, यावर कुणी बोलणार आहे का?

इको_राऊंड
फरक मोजला तर हरलेल्या सामन्यात शेवटच्या फेऱ्या कोण सोडतंय, कोण विकतंय यावर नवा धागा काढावा लागेल. बरं, लॅनच्या विजयालाही बक्षीसरकमेचं वजन हवं, एवढं मान्य.

रश_बी
म्हणजे चौथ्या घटकातही पैसा घाला म्हणताय. वा!

क्लबवाला_काका
आणि तिसऱ्या खेळाडूचं काय ते सांगा आधी.