मदत हवी आहे: गाठ ३ सेंटिमीटरची, मग स्टेज ३सी१ कशी?

नमस्कार मंडळी,

आईला (वय ५६) गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघालाय. एमआरआयमध्ये गाठ ३ सेंटिमीटरची, आजूबाजूला पसरलेली नाही. १बी२ (म्हणजे सुरुवातीची स्टेज) म्हणून ऑपरेशनची तारीखही मिळाली होती. मग पेट स्कॅनच्या रिपोर्टात एक ओळ आली: उजव्या एक्स्टर्नल इलियाक भागात (ओटीपोटातच) १४ मिमीची लसिका ग्रंथी, एफडीजी (स्कॅनआधी टोचतात ती किरणोत्सारी साखर) घेणारी, म्हणजे कॅन्सरचा संशय. तेवढ्यावर स्टेज झाली ३सी१आर आणि ऑपरेशन रद्द. आईचं एकच पालुपद, "पिशवी काढा म्हणावं, एकदाची सुटका."

वाचून कळलं ते असं. २०१८ च्या आधी फिगोच्या (स्त्रीरोगतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना) स्टेजमध्ये ग्रंथी धरतच नसत. आता ओटीपोटातली ग्रंथी बाधित असली की गाठ लहान असूनही ३सी१, महाधमनीलगतची असली की ३सी२. 'आर' म्हणजे स्कॅनवरून ठरलेलं, तुकडा तपासून ठरलं असतं तर 'पी'. रोग आठवड्याभरात दोन पायऱ्या चढलेला नाही, हे आईला पटवताना दमछाक झाली.

धाकटा भाऊ हिरवा रंग टोचून सेंटिनेल नोड (कॅन्सर पसरला तर सर्वात आधी जिथे पोचेल ती ग्रंथी) शोधण्याचे लेख पाठवत असतो. ते ग्रंथी स्वच्छ दिसणाऱ्या, सुरुवातीच्या रुग्णांसाठी आहे, हे त्याला तीनदा सांगून झालं!

अडलंय ते पुढे. २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात इंटरलेस नावाच्या, रुग्णांवर उपचार करून पाहणाऱ्या चाचणीचे निकाल आले. केमो-रेडिएशनच्या आधी सहा आठवडे दर आठवड्याला कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेल ही केमोची औषधं. पाच वर्षांनी हयात ८० टक्के, नुसत्या केमो-रेडिएशनवर ७२. त्यात भारतातल्या रुग्णही होत्या, आणि गाठ लहान पण ग्रंथी बाधित अशाही. आमच्याकडे डॉक्टरांनी हा विषय काढला नाही. आपण काढावा का? की रेडिएशन लांबणं जास्त धोक्याचं?

प्रतिसाद १
ताई, बिनधास्त विचारा. मी रेडिएशन विभागात तंत्रज्ञ आहे, निर्णय डॉक्टरांचाच. ऑपरेशन रद्द झालं ते बरं. ग्रंथी बाधित निघाली की नंतर लाईट (रेडिएशन) द्यावीच लागते, आणि दोन्ही झालं की पाय सुजण्याचा त्रास वाढतो. जाताना क्रिएटिनिनचा (किडनीच्या तपासणीचा) रिपोर्ट घ्या, लाईटसोबतचं केमोचं औषध सिस्प्लॅटिन देता येईल का ते त्यावर बघतात. इंटरलेसमध्ये सातव्या आठवड्यालाच लाईट सुरू होते, मध्ये सुट्टी नाही. म्हणून मशीनची तारीख आधीच धरून ठेवा. बाहेरून आणि आतून मिळून सगळी लाईट आठ आठवड्यांत संपायला हवी. रोज ये-जा करणार की खोली घेणार?

धागाकर्ती
एसटीने अडीच तास लागतात, खोलीच बघतेय. क्रिएटिनिन ०.९ आहे. सोमवारी विचारून इथेच लिहिते.