त्रिकोणी शीड पलटवतं कोण?

"त्रिकोणी शीड वाऱ्याच्या अंगावर, म्हणजे वारा येतो त्या दिशेने, जास्त चढतं, मग पोर्तुगीजांनी चौकोनी का लावली?" हा प्रश्न रास्त आहे, पण त्यात माणसांचा हिशेब राहिला. गोव्यात शापोऱ्याला मामाच्या होडीवर लहानपणी हे काम केलंय. दिशा बदलायची तर होडीची पाठ वाऱ्याला द्यायची, शिडाचा दोर सोडायचा, शीड जिला बांधलेलं असतं ती लांब तिरकी काठी डोलकाठीला लगटून उभी करायची आणि पुढून पलीकडे न्यायची. तोवर शीड फडाफडा डोक्यावर आपटत असतं. एकदा दोर हातातून सरकला, तळव्याची सालटी निघाली. मामांचं लक्ष आधी काठीकडे, मग माझ्याकडे! होडीवर दोघांत निभतं, मोठ्या गलबतावर त्याच काठीला माणसं ढिगाने लागतात.

लांबच्या सफरीत वारा पाठीशी असला की चौकोनी शीड बरं. १४९७ साली निघालेल्या वास्को द गामाच्या मोठ्या जहाजांवर पुढच्या दोन डोलकाठ्यांना चौकोनी शिडं होती, त्रिकोणी फक्त मागच्या डोलकाठीला. आपल्या गोव्यात बांधलेल्या, काथ्याने शिवलेल्या 'कौंडिण्य' या नौदलाच्या जहाजावरही चौकोनीच आहेत, पण ती अजिंठ्याच्या चित्रावरून घेतलेली, पोर्तुगीजांचा तिथे संबंध नाही.