दहाला बंद होणारे शो: विदर्भातल्या गाववाल्यांचे लाइव्ह रॉकचे अनुभव

जाम-पांढरकवडा रोड
नवे नंबर येण्याआधी आमच्या गावासमोरून जाणारा रस्ता राष्ट्रीय महामार्ग ७ होता. आता ४४ म्हणतात. त्यामुळे 'एनएच७ वीकेंडर' हे नाव कानावर आलं तेव्हा मला वाटलं ट्रकवाल्यांचा काही मेळावा असेल. तो निघाला पुण्यातला २०१० पासूनचा संगीत महोत्सव. २०१९ साली तिथं महालक्ष्मी लॉन्सवर ओपेथ हा स्वीडिश बँड ऐकला. गायक गाण्यात गुरगुरतो आणि दोन गाण्यांच्या मध्ये शाळामास्तरासारखं शांतपणे बोलतो, लोक हसून हसून बेजार. कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत घर सोडून गेलो म्हणून घरी आठवडाभर ऐकून घ्यावं लागलं, ते सोडा.

सिनेमातलं नाही, ऑर्केस्ट्रातलं नाही, वाजवणाऱ्यांनी स्वतः बांधलेलं गाणं समोर उभं राहून ऐकलेले आपल्याकडचे किती जण आहेत ते बघायचंय. इंडी (स्वतंत्र कलाकारांचं), रॉक, मेटल, काहीही चालेल. आता शहरात राहत असाल तरी या धाग्यात लिहा, फक्त मूळ गाव सांगा. यूट्यूबवर पाहिलेलं नको.

वडसा साउंड
आपला धंदा मंडप-साउंडचा. दिवाळीनंतर मंडई (गावची जत्रा) सुरू झाली का उन्हाळ्यापर्यंत झाडीपट्टीत, म्हंजे आमच्या पूर्व विदर्भात, नाटकंच नाटकं. लोकं रात्री जेवून-खाऊन चटई-चादर घेऊन निघतेत, मंग पडदा उघडते, अन् संपते तवा कोंबडं आरवते. पुन्याले साळ्याकडं गेलो होतो, त्यानं त्या फेस्टिवलले नेलं. दुपारपासून उन्हात उभं. अन् बरोब्बर १० ले सप्पा बंद! म्या म्हनलो, आत्ता कुठं रंगलं होतं बाप्पा. सिक्युरिटीवाला म्हने, चला काका, कायदा आहे. आमच्याकडं त्या टायमाले बायका भांडे घासून रायतेत.

पन साउंड पाहून हात जोडले. मंचाच्या दोन्ही बाजूले केळीच्या घडासारखे वाकवून लटकवलेले बॉक्स. मैदानाच्या मधात आनखी दोन टॉवर, त्याइचा आवाज मुद्दाम कनभर उशिरा सोडतेत. कारन आवाज एका सेकंदात जाते ३४० मीटर. टॉवर ३४ मीटर मांगं असन तर त्याले सेकंदाचा दहावा हिस्सा थांबवा लागते, तवा मंचाचा अन् टॉवरचा आवाज कानात संगच पडते. नाई तर मांगच्या मानसाले सारं दोनदा आयकू येते. आपल्या नाटकात मांगं बसनाऱ्याइची हेच तक्रार रायते. मी साऱ्या शोमंधी मिक्सरवाल्याच्या बाजूलेच उभा होतो. तेथी आवाज सगळ्यात साफ, कारन तो पोरगा सोताच्या कानाच्या हिशोबानंच बसवते ना.

जाम-पांढरकवडा रोड
भाऊ, मग इकडं करून पाहिलं का?

वडसा साउंड
पाहिलं ना. एका नाटकात मांगं दोन बॉक्स देले लावून. मांगच्या बुढ्या म्हने यंदा बोलनं समजलं. नाटक कंपनीवाला म्हने, भाडं तेवढंच देईन.

जुना यवतमाळकर
मी तुमच्या सगळ्यांच्या आधीचा. १९८६ साली मुंबईत इंडिपेन्डन्स रॉक हा महोत्सव सुरू झाला आणि पुढच्या एक-दोन वर्षांत मी शिकायला तिथं पोचलो. धोबी तलावचं रंगभवन, वर छप्पर नाही, ऑगस्टचा पाऊस. आमच्यासारख्या मराठी शाळेतल्या पोराला निम्मे शब्द कळायचे नाहीत, शेजारच्यालाही कळत नसावेत, तो फक्त मान हलवायचा. तेव्हा बहुतेक बँड विलायती गाणीच वाजवत. कुणी 'हे आमचं स्वतःचं' म्हणून सुरू केलं की मागून हुर्यो. मला त्या हुर्योचंच जास्त आठवतं. रॉक मशीन, ज्यांनी पुढं इंडस क्रीड असं नाव घेतलं, ते तरीही स्वतःची गाणी रेटत राहिले. १९८८ मध्ये त्यांची कॅसेट आली. मी ती यवतमाळला आणली तेव्हा थोरल्या भावानं विचारलं, यात गाणं केव्हा सुरू होते?

जवळ दवाखाना आणि कॉलेज म्हणून रंगभवनात पुढं मोठा आवाज बंद झाला. १० वाजताची गोष्ट वाचली म्हणून सांगितलं.

धानवाली, गोंदिया जिल्हा
आमचं झिरो फेस्टिवल. अरुणाचलमधला हा महोत्सव सप्टेंबरच्या शेवटी असतो, म्हणजे आमचं निंदण उरकलेलं आणि कापणीला वेळ. भाऊ नसता तर घरून सोडलं नसतं. गोंदियाहून हावडा, तिथून गुवाहाटी, मग रात्रीची गाडी नाहरलगूनपर्यंत आणि पुढं सुमोत घाट. इनर लाइन परमिट, म्हणजे अरुणाचलात शिरायचा परवाना, आधीच काढून ठेवा.

बोलायला आले होते गाण्यांबद्दल, पण मला आधी बांध्या दिसल्या. तिथले आपातानी लोक धानाच्या बांधीत मासे पाळतात. बांधीत पाणी, पाण्यात धान, धानाच्या बुडाशी मासे. आपण धुऱ्यावर तूर लावतो, ते नाचणी लावतात. भाऊ तर पहिला बँड सुरू झाल्यावरही पाणी कुठून आत घेतलंय तेच बघत होता. मंच बांबूचे, गावातल्याच लोकांनी बांधलेले, एक दिवसाचा आणि एक रात्रीचा. तिथलेच बॉबी हानो आणि दिल्लीच्या मेनव्होपॉज बँडचे अनुप कुट्टी यांनी २०१२ मध्ये हे सुरू केलं.

गाणी ऐकली ती निम्म्याहून जास्त न कळणाऱ्या भाषांत. डोंगरातल्या एका बँडची बाई गायला लागली, भाषा कुठली ते शेजारच्या दिल्लीवाल्यांनाही सांगता येईना. बारीक पाऊस, सगळ्यांच्या पायांत गमबूट, आणि पुढच्या रांगेत त्यांच्याच गावची चार-पाच माणसं प्रत्येक ओळ तिच्यासोबत म्हणत होती. ती माणसं पुढून हलली असती तर गाणं पडलं असतं असं मला वाटत राहिलं. थंडीचं नीट सांगून ठेवते. स्वेटर न्या, दोन न्या.

मला न आवडलेलं: शहरातून आलेली काही मंडळी गाणं चालू असताना पाठ करून व्हिडिओच काढत होती. आणि तिथल्या म्हाताऱ्या बायांच्या नाकातल्या चकत्या दिसल्या की विचारल्याशिवाय मोबाइल तोंडासमोर. आपल्या आजीच्या गोंदणाचे असे फोटो कुणी काढले तर?

मोझरी फाटा
इंडियन ओशन हा बँड, पुण्यात, त्यात असीम चक्रवर्ती होते तेव्हाची गोष्ट. ते २००९ मध्ये गेले. मांडी घालून बसलेला माणूस, तबलाही वाजवतो, गातोही, आणि बाजूला राहुल राम बेस गिटार घेऊन उड्या मारतोय. त्यांनी नर्मदेचं गाणं घेतलं. राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात काम केलेला माणूस, त्यामुळे ते गाणं त्याच्या तोंडी नुसतं लोकगीत राहत नाही.

मला मात्र आठवली खंजिरी. मी गुरुकुंज आश्रमाच्या परिसरातला, रोजची सामुदायिक प्रार्थना आणि भजन अंगात मुरलेलं. तुकडोजी महाराज भजन स्वतः लिहीत, स्वतः गात, हातात खंजिरी, समोर हजारो माणसं. या धाग्यातली व्याख्या लावली तर आमच्याकडचे पहिले इंडी तेच.

आर्वीकर
राष्ट्रसंतांना रॉकमध्ये ओढू नका. ते तिकीट लावून गात नव्हते.

मोझरी फाटा
तिकिटाचं मान्य. बाकीचं नाही. कपडे आणि गिटार सोडून बोला, फिल्मी नसलेलं गाणं दोन तास ऐकून घेणारी गर्दी आणखी कुठं आहे आपल्याकडं?

पुसदची, सध्या पुणे
द लोकल ट्रेन, गायक रमण नेगी बँडमध्ये होता तेव्हा. तो २०२२ मध्ये बाहेर पडला. हिंदी गाणी, त्यामुळे पहिल्यांदाच सगळे शब्द कळत होते आणि सगळं मैदान गात होतं. मुलींसाठी एवढंच: मंचासमोरच्या बॅरिकेडला जायचं तर दोघी-तिघी मिळून जा आणि पाण्याची सोय आधी बघा, मधून बाहेर पडता येत नाही. पुढं उभं राहिलं की खालच्या मोठ्या बॉक्सचा दणका छातीत बसतो. मी आपल्या सवयीनं कानात कापूस घातला होता. कापसानं काही होत नाही, फोमचे बोळे घ्या.

दारव्हा तालुका, ड्रम
आम्ही पाहणारे नाही, वाजवणारे आहोत. चौघं. लग्नसराईत ऑर्केस्ट्रा, एरवी शेती, एकाचं झेरॉक्सचं दुकान. आमची सहा गाणी आहेत, वऱ्हाडीत. वरच्या यवतमाळकर काकांनी हुर्यो लिहिली ती आम्ही अजून खातो. मागच्या दुर्गोत्सवात एका मंडळानं बोलावलं. दोन फर्माईशी झाल्यावर आपलं एक घेतलं, सोयाबीनच्या येलो मोझॅक रोगावर. पहिल्या कडव्याला शांतता, दुसऱ्याला 'झिंगाट लावा' सुरू. तेवढ्यात मंडळाच्या एका कार्यकर्त्यानं माइकच ओढला. पैसे अर्धे दिले, ते वेगळं.

पण स्टेजमागं एक बुवा आला. म्हणाला, पानं पिवळी पडते म्हनता गाण्यात, त्याले पांढरी माशी कारन आहे, ते टाका ना. आम्ही टाकलं. आता कडवं माशीवरच आहे.

दिवाळीनंतर आमच्याच वावरात एक शो करायचा विचार आहे. फर्माईश बंद, फक्त स्वतःची गाणी. नागपूरचे दोन बँड यायला तयार आहेत. अडचण साउंडची.

वडसा साउंड
माहा सीझन तवा सुरू होते. तारीख मंडईच्या आधी धरा. बॉक्स मी आनतो, भाडं नको. जनरेटरचं डिझेल तुमचं, अन् पोराइचं जेवन.

दारव्हा तालुका, ड्रम
डिझेल, जेवण, झोपायला खाटा, सगळं आमचं. तारीख पक्की झाली की इथंच टाकतो. येणाऱ्यांनो, गावाची शेवटची एसटी संध्याकाळी साडेसहाला निघून जाते, तेव्हा मुक्कामाच्या हिशोबानं या. पांघरूण सोबत आणा.