दहावीनंतर लातूर की डिप्लोमा? मुलाला ठरवायला मदत कशी करू?

बार्शीची आई
मुलगा दहावी पास झाला. मराठी माध्यम, ८४ टक्के. निकालाआधी सारखं म्हणायचा, डिप्लोमा इलेक्ट्रिकल करायचाय. सुट्टीत मामाच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात बसतो, जळालेल्या सबमर्सिबलच्या आत काय झालं होतं ते रात्री जेवताना सांगतो. पण वर्गातली मुलं अकरावी सायन्स आणि क्लाससाठी लातूरला निघाली, तसा हाही लातूर म्हणायला लागला. ह्यांना तेच हवं होतं, ते खूश. मला दोन्ही चालेल. पण "का रे?" विचारलं की गप्प बसतो. निर्णय त्याचा असावा, पण विचार करून घेतलेला असावा. कसं बोलू त्याच्याशी?

शिल्प निदेशक, आयटीआय
ताई, "का" विचारलं की या वयातल्या मुलांना आपण रागावतोय असंच वाटतं. "तिथे सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तुझा दिवस कसा जाईल?" असं विचारा. सांगता आलं नाही तर तिथे शिकणाऱ्या ओळखीच्या मुलाला फोन करू द्या, आणि तुम्ही खोलीत थांबू नका. मोठ्यांसमोर तो मुलगा खरं बोलणार नाही. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाशीही असंच बोलू द्या. मामाच्या दुकानात हात चालतो ते चांगलंच, पण डिप्लोमात गणित आणि इंग्रजी पुस्तकं आहेत. आपली मराठी माध्यमाची मुलं पहिल्या वर्षी तिथेच अडखळतात. काही ठिकाणी मराठी-इंग्रजी द्वैभाषिक शिकवतात, ती चौकशी त्यालाच करायला लावा.

मग कोणता रस्ता धरला की काय बंद होतं, ते त्याने स्वतः कागदावर लिहावं. डिप्लोमा तीन वर्षांचा, पुढे इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. पण बारावीला बायोलॉजी नसेल तर 'नीट' ही मेडिकलची प्रवेश परीक्षा देता येत नाही, म्हणजे डॉक्टरकीचा विचार सोडावा लागेल. अकरावी सायन्सने बरंच उघडं राहतं. बारावी सायन्सनंतर डिप्लोमाच्याही थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, म्हणजे मन बदललं तर एकच वर्ष जास्त लागेल. हे कळलं की मुलांची निम्मी भीती जाते, आणि भीती गेल्यावरच ती खरं काय हवंय ते बोलतात.

आणि एक. ज्या कॉलेजात अकरावीला बायफोकल, म्हणजे सायन्ससोबतचा व्यावसायिक विषय, म्हणून इलेक्ट्रिकल मेंटेनन्स आहे, ते लातूरच्या आधी बघा. तुमच्या मुलाला मला तेच जास्त जुळेलसं वाटतं.

लातूरला मुलगी असलेली आई
मित्रांसाठी येणार असेल तर एवढं सांगा, इथे चाचणीच्या मार्कांवर बॅच बदलतात. माझ्या मुलीच्या मैत्रिणी पहिल्या काही आठवड्यांतच वेगळ्या बॅचला गेल्या. ती टिकली कारण तिला बायोलॉजी मनापासून आवडतं. आणि मिस्टरांना विनंती करा, त्याचं बोलून होईपर्यंत आपलं मत राखून ठेवा. बाबांचा चेहरा बघून मुलं उत्तर बदलतात.

बार्शीची आई
मामाकडून डिप्लोमाच्या एका मुलाचा नंबर मिळाला, आज संध्याकाळी बोलेल. पण तोवर फॉर्मची मुदत गेली तर?

शिल्प निदेशक, आयटीआय
अकरावी आणि डिप्लोमा या दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत, दोन्ही फॉर्म भरून ठेवा. फक्त शाळा सोडल्याचा मूळ दाखला एकच असतो. त्याचं ठरेपर्यंत तो कुठेही जमा करू नका.